तुळजाक्काचं हळदीकुंकू

काही आठवणींचं कुंकवासारखं असतं. चिमूटभर काढायला जावं, तर बोटं भरतात, आणि पुसली तरी रंग राहतोच! मद्रासच्या तिरुवल्लिकेणीतल्या आम्ही मराठी बायका भेटलो, की तुळजाक्काचा विषय निघतो. आधी हसतो. मग कोणी कोणाकडे बघत नाही.

तुळजाक्का तंजावरची, आमच्या समोरच राहायची. सिनेमात काम करायची. काम एकच, विधवा आईचं! इंटर्व्हलच्या आत तिचं कुंकू पुसलं जायचंच. घरी मात्र कपाळभर कुंकू, आणि पोस्टातले धडधाकट नवरोबा, जिवाजीराव!

*

एकदा ते तिच्याबरोबर तिचाच सिनेमा बघायला गेले. पडद्यावर तिचा नवरा गेला. अख्खं थेटर हुंदके देतंय! मागची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, “पावम्! बिचारीच्या नवऱ्याला झालं तरी काय?”

जिवाजीराव हातातली चकली मोडत मागे वळले. “काही नाही अम्मा, मुरुक्कू खातोय!”

*

टी. नगरला मी तिच्याबरोबर साडी घ्यायला गेले. दुकानदारानं तिला ओळखलं, आणि न विचारता पांढऱ्या साड्यांचा ढीग मांडला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती शांतपणे म्हणाली, “त्या कंपनी देते. लाल दाखवा, इथं पैसे माझे जातायत.”

*

विधवेच्याच कामाला तिला चांदीचं पदक मिळालं. समारंभाला ती नथ, शालू, हातभर चुडा घालून गेली. पाहुणे पदक हातात धरून तिच्यामागे बघतायत. “अम्मा आल्या नाहीत का?”

“त्यांना आज सुट्टी!” म्हणत तिनं पदक घेतलं. घरी आणून देवीच्या तसबिरीला घातलं.

*

पदकं झाली, हार झाले. तिची हौस निराळीच होती. आमच्या चैत्रगौरीला सवाष्ण म्हणून यायचं. “वहिनी, एकदा बोलवा की गे!” असं मला किती वेळा म्हणाली!

पण बोलावणी ठरवायच्या माई, आमच्यात वडीलधाऱ्या. त्या म्हणायच्या, “परवाच हिला कुंकू पुसताना पाहिलं. गौरीपुढे कशी बसवायची? शास्त्र आहे की नाही काही?”

माझे सोळा सोमवार चालू. यजमान रेल्वेत, सारखे फिरतीवर. मी भ्यायले. गप्प बसले. पुढच्या चैत्रात नक्की बोलवू, अशी दर चैत्रात मनाशी आशा धरायची, झालं!

एका वर्षी गौरीच्या दिवशी बघते तर ही समोरच्या गॅलरीत. लाल साडी नेसून, गजरा माळून उभी. आमच्याकडे बायका येत होत्या, जात होत्या. ती दिवेलागणीपर्यंत उभीच.

दुसऱ्या दिवशी भेटली. म्हणाली, “काल तुमच्या आंबेडाळीचा वास आला गे वहिनी. हिंग जरा कमी पडला.”

माझी मान वर झाली नाही.

*

श्रावणातल्या शुक्रवारी ती गेली. दोनच दिवसांच्या तापानं. नवऱ्याच्या आधी, कपाळभर कुंकवानं!

“काय भाग्य!” म्हणत माई सगळ्यांच्या पुढे. मागे आम्ही खण, नारळ, करंडे घेऊन. अशा सवाष्णीची ओटी भरावी, तिच्या कपाळीचं कुंकू आपल्याला लावावं, हेही शास्त्रच. रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत गेली.

जिवाजीराव तिच्या उशाशी बसले होते. त्यांनी दाराकडे पाहिलं, माईंकडे, माझ्याकडे, रांगेकडे पाहिलं. मग तिच्या कानाशी वाकले.

“तुळजा, ऊठ की गे! सगळ्या आल्यात हळदीकुंकवाला.”