पायमोज्यांचा प्रश्न

नांदेडच्या मोंढ्यात माझं डाळीचं दुकान आहे आणि माझा राग साऱ्या बाजाराला ठाऊक आहे. गुडघा बदलल्यावर डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन यशस्वी. पण दुकानातल्या गादीवर मांडी घालून बसणं कायमचं बंद झालं आणि ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दवाखान्यात निलंग्याची एक मुलगी संशोधन करते. उपचारानंतर रोग्याला स्वतःला कसं वाटतं, ते ती विचारते. उत्तर ऐकताना पेनाचं टोपण दातात धरते, मध्ये बोलत नाही.

"काका, पायमोजे घालता येतात का?" तिने छापील कागदावरचा प्रश्न वाचला.

"पायमोजे? म्या जन्मात घातले न्हाईत! गादीवर बसता येतंय का, ते इचार की."

ती खळखळून हसली. "हाव काका, तेच विचारायला पाहिजे."

गिऱ्हाइकाला गप्प करायला मीही असंच गोड बोलतो, म्हणून मी विश्वास ठेवला नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टर तिला म्हणाले, "यांचा निकाल उत्तम लिहा." तिची नोकरी त्यांच्याच हातात. तरी ती म्हणाली, "सर, काकांना गादीवर बसता येत नाही. मी उत्तम कसं लिहू?"

डॉक्टरांनी तिच्या हातातला कागद घेतला आणि स्वतः वाचला.

त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही. पण परवा नायगावचा माझा मेव्हणा त्याच डॉक्टरांकडे गुडघा दाखवायला गेला, तर ऑपरेशन ठरवण्याआधी डॉक्टरांनीच विचारलं, "तुम्हाला रोज खाली बसावं लागतं का?"

"लई चांगला डॉक्टर हाय, दाजी," मेव्हणा म्हणाला.

"डॉक्टर कसला," मी म्हणालो, "पोरगी चांगली हाय."