सोबत एकाला आत नेता येतं

विमान उशिरा होतं, त्या वेळात वडील दिल्लीच्या विमानतळावर वारले. सातपूरच्या कारखान्यातले त्यांचे साहेब तेव्हा लाउंजमध्ये होते. साहेबांच्या कार्डावर सोबतच्या एकाला आत नेता येई. तरी ते वडिलांना म्हणाले होते, "तुम्ही बाहेरच बसा, सामानाकडे लक्ष राहील." वडिलांनी शेवटच्या फोनवर मला हे हसत सांगितलं होतं.

काही वर्षांनी तसलंच कार्ड मला मिळालं. मुंबईच्या विमानतळावर लाउंजच्या दारात साहेब दिसले, निवृत्त झालेले, हातात काठी. त्यांनी ओळखलं. "मला आत ने रे तुझ्याबरोबर. पाय फार दुखतात."

"बाहेरच बसा, साहेब. सामानाकडे लक्ष राहील."

आत गरम चहा होता, पाय पसरता येतील अशी खुर्ची होती. मी पुस्तक उघडलं.

ते कार्ड मी अजून वापरतो. सोबत कोणालाही नेत नाही.