पोतं की कट्टा

पहिल्याच तासाला मी फळ्यावर ‘डिझाइन’ हा शब्द लिहिला आणि नववीच्या वर्गाला सांगितलं, उद्या प्रत्येकानं एका स्टुलाचं डिझाइन काढून आणायचं. दुसऱ्या दिवशी माझ्या पुढ्यात मोरांचा थवा उतरला. बैठकीवर मोर, पायांवर वेली, एकानं तर चारी पायांना तोरणं बांधली होती. स्टूल किती उंच, त्यावर बसणार कोण, पाय जोडणार कसे, याचा कुठंच पत्ता नाही. पोरांचं काही चुकलं नव्हतं. दारव्ह्याच्या बाजारात डिझाइन असते ती साडीच्या काठावर, नाहीतर मेंदीच्या पुस्तकात. मी ‘ते डिझाइन’ म्हणत होते, त्यांनी ‘ती डिझाइन’ आणली होती.

मला राग लवकर येतो. त्यात मी वणीची. घरासमोरून कोळशाचे ट्रक जायचे, तेव्हा साधं मीठ मागायचं तरी ओरडावं लागायचं, त्यामुळे माझा रागही भर आवाजात येतो. त्या दिवशी तो शेजारच्या दहावीलाही ऐकू गेला. मग मी पाहिलं, मोर खरोखर देखणे होते. ते मी भिंतीवर चिकटवले आणि विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

वेळापत्रकात या विषयाचं नाव लांबलचक आहे. पोरं त्याला नुसतं ‘वर्कशॉप’ म्हणतात, कारण तो वर्कशॉपच्या खोलीत होतो. खोली म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर, दोन खिडक्या, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली हत्यारं आणि विजेचं एक दणकट कनेक्शन. टेबल नव्हतंच, त्यामुळे सगळं काम जमिनीवर बसून. तरी कापूस वेचणीच्या दिवसांत, बाकीच्या तासांना वर्ग अर्धा रिकामा असताना, वर्कशॉपच्या दिवशी पोरं वावरातून पळत यायची. या खोलीवर माझा जीव होता, हे आधीच सांगून टाकते.

आणि दिवाळीनंतर एका सकाळी मोठ्या सरांनी ती मागितली. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक, मूळचे पुसदचे, कमी बोलणारे आणि बोललेलं न बदलणारे. पोरांच्या दुपारच्या खिचडीचा तांदूळ ज्या खोलीत ठेवायचे, तिथं ओल आली होती आणि घुशींनी उच्छाद मांडला होता. आता नवा तांदूळ आला की तो वर्कशॉपमध्ये ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. मी विचारलं, मग वर्कशॉप कुठं? ते म्हणाले, झाडाखाली घ्या. मी झाडाखाली वेल्डिंग, पावसाळा आणि माकडं या तीन विषयांवर बरंच बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा मागवला.

वर्गाला मी हे सांगितलं ते निव्वळ चिडून. शिकवायचं असं काही डोक्यात नव्हतं. मग बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणारी एक पोरगी उभी राहिली. ती प्रत्येक गोष्टीला ‘काहून’, म्हणजे ‘का’, विचारायची आणि त्यामुळे निम्म्या मास्तरांची नावडती होती. घरी गोरबोली, शाळेत वऱ्हाडी, आणि दोन्हीत सारखीच फटकळ. ती म्हणाली, “मॅडम, तांदळाले आपली खोली नाई पायजे. तांदळाले कोल्ली जागा पायजे. ते तिथंच करून देऊ ना.”

कोल्ली म्हणजे कोरडी. पहिल्या तासापासून मी जे शिकवायला धडपडत होते, ते तिनं तीन वाक्यांत सांगितलं. मागणारा काय मागतो ते ऐकायचं, पण त्याला लागतं काय ते शोधायचं. मी मोठ्या सरांकडे गेले. ते म्हणाले, नवा तांदूळ येईपर्यंत काय करायचं ते करा. तांदूळ त्याच्या जुन्याच खोलीत नीट राहिला, तर तुमची खोली तुमची. नाहीतर किल्ली माझ्या टेबलावर. आणि किती तांदूळ येतो, असं मी विचारल्यावर म्हणाले, “पंधरा-वीस पोते.”

मग काय विचारता. पोरांनी धान्याची खोली मोजली, ओल किती वर चढते त्याची खडूनं रेघ मारली, घुशीची बिळं शोधली. ठरलं असं की एक लांब उंच घोडी करायची, म्हणजे पाय असलेला मोठा फळ्यांचा ओटा, त्यावर तांदूळ राहील. मोडक्या बाकांचं लोखंड शाळेमागं पडलेलंच होतं. घूस पायावरून चढू नये म्हणून प्रत्येक पायाला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून उलट्या नरसाळ्यासारखा बसवायचा. आधी पुठ्ठ्याची नमुना-घोडी केली, त्यावर काड्यापेट्या पोती म्हणून रचल्या. ती कोसळली, मग दुसरी केली. दुसरीत मधे पायांची आणखी एक जोडी घातली.

पोत्याचं माप घ्यायचं राहिलं होतं. शाळेतला तांदूळ संपलेला, नवा यायचा होता. पण पोत्याचं माप घ्यायला शाळा कशाला लागते? प्रत्येकाच्या घरी पोतं. कुणी तुरीचं मोजलं, कुणी हरभऱ्याचं. तांड्यावरच्या आमच्या पोरीनं भरलेलं पोतं आडवं पाडून त्यावर बसून माप घेतलं आणि याडीच्या, म्हणजे आईच्या, शिव्या खाल्ल्या. सगळ्यांची मापं जवळजवळ सारखी आली. मी खूश. पहिल्यांदाच माझ्या वर्गात एका वस्तूची इतकी मापं जुळली होती.

जोडणीवरून मात्र भांडण झालं. मी म्हणत होते नटबोल्ट लावू, म्हणजे पुढं-मागं खोलता येईल. वर्ग म्हणत होता वेल्डिंग, कारण नटबोल्ट हलतो आणि इतक्या भारी पोत्यांना पक्कं काम पाहिजे. शेवटी मी हरले. बसस्टँडवरचा वेल्डिंगवाला याच शाळेत शिकलेला. तो मशीन घेऊन आला आणि कनेक्शन आमच्याच खोलीत असल्यामुळे काम तिथंच झालं. चार दिवसांत घोडी उभी राहिली. तीनचार पोट्टे एकदम तिच्यावर चढून नाचले, ती कुरकुरलीही नाही.

मग ती बाहेर काढायला गेलो. दारातून निम्मी निघाली आणि समोरच्या व्हरांड्याच्या भिंतीला टेकली. तिरपी केली, आडवी केली, पुन्हा आत घेऊन उलट्या बाजूनं काढली. वळेना. खोली मोजली होती, पोतं मोजलं होतं, व्हरांडा कुणी मोजला नव्हता. गलका ऐकून मोठे सर आले. त्यांनी घोडीभोवती एक फेरी मारली, पत्र्याच्या नरसाळ्यांवर बोट फिरवलं आणि मनापासून कौतुक केलं. मग म्हणाले, “इतकं चांगलं झालं तं हलवता कायले? तांदूळ इथंच ठिवू.”

असं आम्ही आमच्याच हातानं आमच्या खोलीत तांदळाची सोय करून दिली. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी पोरांवर ओरडले, नंतर वेल्डिंगवाल्याला फोन करून त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, कापून देतो. पण धान्याच्या खोलीत पुन्हा जोडायला वीज नाही, आणि निम्मीवर मावणार किती? पंधरा-वीस पोती म्हणजे घोडी पूर्ण पाहिजे. त्या संध्याकाळी जीपमध्ये बसून दारव्ह्याला घरी जाताना मला फार वाईट वाटत होतं. भिंतीवरचे खिळे उपटल्यावर खोली कशी दिसेल, तेवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

तांदूळ दोन दिवसांनी दुपारी आला. मोठे सर मीटिंगला दारव्ह्याला गेले होते, संध्याकाळी येणार होते. वर्कशॉपची किल्ली अजून माझ्याकडे होती आणि मी मुद्दामच दार उघडलं नाही. हमालांनी माल व्हरांड्यात उतरवला. वर्ग बंद दारासमोर उभा राहून सुतकी चेहऱ्यानं बघत होता. एकाएकी ती पोरगी पुढं गेली, एका थैल्याला कवेत घेऊन तिनं तो अंदाजला आणि माझ्याकडे वळली.

“मॅडम, हे तं कट्टे हायेत.”

आमच्याकडे पोतं म्हणजे पोतं. तागाचं, क्विंटलभराचं, उचलायला दोन माणसं लागतात असं. आणि कट्टा म्हणजे प्लास्टिकचा, त्याच्या निम्म्याचा, एकटा माणूस खांद्यावर टाकतो तो. शेतकऱ्याच्या घरात ही गल्लत कुणी करत नाही. मोठे सर नोकरदार माणूस. त्यांना धान्य भरलेलं सगळंच पोतं. ते सहज म्हणून गेले आणि वर्गानं घरी जाऊन इमानदारीनं खरी पोती मोजली. घोडी हवी होती त्याच्या दुप्पट झाली होती.

म्हणजे निम्मी पुरे होती. म्हणजे ती कापता येत होती. एक मुलगा कळवळून म्हणाला, एवढी बनवली अन् आता कापायची? पोरीनं खडू घेतला आणि मधल्या पायांच्या जरा पलीकडे रेघ मारली. अशानं एका भागाला चार पाय राहणार होते, दुसऱ्याला दोनच. मी म्हटलं, दुसऱ्याचं काय? ती म्हणाली, त्याले भिंतीले ठोकू, आपल्याले टेबल नाई. मग हेक्सा करवतीच्या पात्यांनी लोखंड कापायला सुरुवात झाली. पाळ्या लावल्या, दोन पाती तुटली, माझ्या तळव्याला फोड आला, आणि कुणी घरी जायचं नाव काढेना. चार पायांचा तुकडा व्हरांड्यातून असा वळला की जणू त्याला रस्ता माहीत होता. कट्टे रचले, सगळे मावले.

मोठे सर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. आम्ही सगळे धान्याच्या खोलीसमोर उभे. त्यांनी आत पाहिलं, वाकून खालून पाहिलं, मग वर्कशॉपमध्ये जाऊन भिंतीला टेकवलेला उरलेला तुकडा पाहिला. परत येऊन म्हणाले, माप चुकलं होतं वाटते पोरांचं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती पुढं झाली. मी तिचा हात धरला, तिनं तो सोडवून घेतला.

“सर, आमचं माप नाई चुकलं. तुमी पोतं म्हनलं होतं. हे कट्टे हायेत.”

मोठ्या सरांना असं समोर कुणी बोललेलं मी तरी पाहिलं नव्हतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तांदळाकडे. चष्मा काढून रुमालानं पुसला.

“बरं,” ते म्हणाले. “पुढच्या टायमाले काही बनवाचं असलं तं कट्टा म्हनीन.”

आणि ऑफिसकडे निघून गेले. किल्लीबद्दल एक अक्षर नाही, खोलीबद्दल नाही. पोरं माझ्याकडे बघत राहिली, कारण त्यांना काही कळलं नव्हतं. मला कळलं होतं. पुढच्या वेळी बनवायचं म्हणजे खोली आमचीच राहणार होती, आणि हे सरळ आवाजात सांगणं मला जमणार नव्हतं. म्हणून मी ओरडले, बघता काय, वर्कशॉपमधला लोखंडाचा कीस कोण झाडणार, उद्या पहिला तास आपलाच आहे.