भावजी, शिडी आणि गाद्यांचा ट्रक

माझे धाकटे दीर गेली अडतीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवतात. बाजारात त्यांना सगळे पेंटर म्हणतात. खरं नाव फक्त बँकेला आणि दवाखान्याला लागतं. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, "अक्षर सरळ काढायचं तर मागून हाक मारणारं कोणी नको." राहतात आमच्याकडेच, पुढच्या खोलीत, टर्पेंटाइनच्या वासात. त्या वासाने आमच्या घरात डास फिरकत नाहीत असं माझं मत आहे. आमच्या ह्यांना ते पटत नाही, पण मी देवाचे आभार मानताना थोडे टर्पेंटाइनच्या नावावर टाकते.

माणूस स्वभावाने गरीब, पण एका बाबतीत फार ताठ. आपल्या हातून आजवर एकही चूक झाली नाही, असं ते सांगत, आणि त्याचा पुरावाही बाळगत. खिडकीशेजारी एक लांब तार लटकते. गिऱ्हाइकाने जो मजकूर लिहून दिला त्याची चिठ्ठी काम झालं की त्या तारेत ओवायची, ही त्यांची पद्धत. पुढेमागे कोणी भांडायला आलं की भावजी तार उतरवणार, चिठ्ठी शोधणार आणि गिऱ्हाइकाला त्याच्याच हस्ताक्षरातली चूक दाखवणार. त्या वेळी त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होई की मला भीती वाटे. एवढं सुख माणसाला दुसऱ्याच्या चुकीत मिळू नये.

तर एका मंगळवारी भावजी औषधांच्या दुकानाची पाटी रंगवत शिडीवर उभे होते. एक ट्रक रिव्हर्स घेत मागे मागे येत होता. "मला वाटलं थांबेल," भावजी सांगतात, "सगळेच थांबतात." तो थांबला नाही. शिडी गेली. भावजी क्षणभर पाटीला लोंबकळले, मग पाटीनेही अंग काढून घेतलं आणि ते दुकानाच्या दगडी पायरीवर उजव्या हातावर आपटले. ट्रकवाल्याला वाटलं कचऱ्याचा डबा उडाला, तो गाडी पुढे घेऊन निघून गेला. त्या ट्रकमध्ये खच्चून गाद्या भरल्या होत्या, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. देवाची करणी मी सहसा तपासत नाही. पण ट्रकभर गाद्या आणि भावजी दगडावर, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी देवाशी बोलायच्या माझ्या वहीत लिहून मी खाली दोन रेघा मारल्या.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा भावजी खाटेवर होते, नाकाला हिरवा रंग, हाताला फळी, आणि समोर हवालदार जबाब लिहून घेत होता.

"शेवटचे आकडे ४१७८," भावजी सांगत होते. "फार सुरेख काढलेत. सातच्या पाठीचा बाक बघण्यासारखा आहे. हात तयार आहे माणसाचा."

"पेंटर, तुम्ही पडत होता की वाचत होता?"

"पडता पडता वाचलं. मोकळाच होतो."

मनगटाची हाडं मात्र वेडीवाकडी मोडली होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ऑपरेशन करून पट्टी बसवावी लागेल, नंतर व्यायाम. पाच-सहा महिन्यांच्या आत व्हायला हवं. नाही केलं तर चमचा धरता येईल. ब्रश नाही." खर्चाचा आकडा ऐकून ह्यांनी चष्मा काढून पुसला. पोस्टातल्या पेन्शनमध्ये तो बसणारा नव्हता, आणि भावजींची शिल्लक म्हणजे अर्धे वापरलेले रंगाचे डबे.

लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर एक वकीलबाई बसतात, अपघाताच्याच केसेस घेतात. त्यांच्याकडे गेलो. खालून वाफ येते, त्यामुळे त्यांच्या टेबलावरचे सगळे कागद जरा ओलसर आणि सुरकुत्या नसलेले असतात. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत घ्या. दवाखान्याचा एकही कागद टाकू नका, औषधाची पावतीसुद्धा. पडलेल्या शिडीचा फोटो काढा, ती दुरुस्त करू नका. खर्च ट्रकच्या विमा कंपनीने द्यायचा असतो, म्हणून ट्रक सापडायला हवा. आणि कोणीही सहीसाठी कागद पुढे केला तर सही करायची नाही.

"उजवा हातच मोडलाय," भावजी म्हणाले.

"डाव्याने अंगठाही नाही."

पोलिसांनी ४१७८ शोधला. तो निघाला एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या स्कूटरचा. त्यांना नोटीस गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्या दारात.

"ट्रकखाली आलेले गृहस्थ कोण?"

"खाली नाही, पुढे," भावजी म्हणाले. "म्हणजे मागे."

"मी स्कूटरवरून भाजी आणते. बावीस वर्षं. त्या स्कूटरने एक कोंबडीसुद्धा घाबरलेली नाही. मी ट्रक चालवते असं तुम्ही पोलिसांत सांगता?"

"मी आकडा सांगितला बाई. आकडा मी चुकत नाही. अडतीस वर्षं…"

"पस्तीस वर्षं मी गणित शिकवलंय. उत्तर जुळत नसलं तर आधी स्वतःची वही तपासायची."

मी चहा दिला. बाईंनी तो घेतला, साखर कमी आहे असं सांगितलं आणि गेल्या. भावजी दिवसभर धुसफुसत होते. "म्हणे वही तपासा."

आठवड्याने वकीलबाईंचा निरोप आला. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात ट्रकचा मागचा भाग सापडला होता. गेलो. त्यांनी संगणकावर चित्र मोठं केलं. पाठीमागचा फाळका, त्यावर 'अंतर ठेवा', आणि खाली स्वच्छ ४१७८.

"बघा," मी म्हणाले, "भावजी बरोबर होते."

"हो, पण या नंबरचा ट्रकच नाही," वकीलबाई म्हणाल्या. "म्हणजे नंबर खोटा टाकलाय. गुन्हेगारी प्रकरण दिसतंय. असे ट्रक सापडत नाहीत."

भावजी चित्राकडे बघत राहिले, मग म्हणाले, "जरा सात मोठा करा." सात मोठा केला. भावजींनी घाम पुसला आणि ते उठले.

दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला वाटलं ट्रक सापडत नाही म्हणून खचले. मी देवापाशी बसले की आता बाकी काही मागतच नव्हते. ह्यांचा गुडघा, मुलीची बदली, सगळं मागे ठेवून एकच: तो ट्रक दे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुढच्या खोलीत गेले तर भावजींनी तार उतरवून मांडीवर घेतली होती आणि डाव्या हाताने एक एक चिठ्ठी काढून खाटेवर ठेवत होते. खाट पांढरी झाली होती.

"वहिनी, तुम्ही कधी देवाशी खोटं बोललात?"

"त्याला आधीच माहीत असतं, बोलून काय उपयोग. शेजारणीशी बोलले आहे."

त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली. गादीच्या कारखान्याचा छापील कागद, चार वर्षांपूर्वीचा. त्यावर मालकाच्या अक्षरात ट्रकचा नंबर.

"शेवटचे आकडे वाचा."

"४७१८."

"आणि मी काढले ४१७८." भावजी भिंतीकडे बघून बोलत होते. "तो सात माझा आहे. असा बाक या बाजारात दुसऱ्या कोणाचा नाही. मालकाने तपासलं नाही, चार वर्षांत एकाही तपासनिसाने कागद आणि ट्रक शेजारी ठेवून बघितले नाहीत. मीच चुकवला, आणि मीच पोलिसांना ठासून सांगितला."

मी खाटेवरच्या चिठ्ठ्या सारून बसले.

"अजून कोणाला माहीत नाही," ते म्हणाले. "ही एक चिठ्ठी चुलीत गेली तर कळणारही नाही."

"आणि हात?"

"हाताचं काय, चमचा तर धरता येणार आहे." मग म्हणाले, "पेंटर चुकला असं बाजारात झालं, तर बरा हात घेऊन तरी कुठे जाऊ?"

मला राग आला. मी म्हणाले, "अहो भावजी, महिनाभर मी देवाकडे तो ट्रक मागतेय. त्याने तो तुमच्याच तारेत अडकवून ठेवला. आता तुम्ही जाळलात तर मी पुन्हा कुठल्या तोंडाने त्याच्यापुढे बसू? म्हणेल, दिला होता की बाई, तुझ्या दिराने चहाला लावला."

भावजी हसले नाहीत. पण चिठ्ठी माझ्याकडे दिली. मी ती वहीत ठेवली आणि वही पदराखाली, कारण माणसाचा काही भरवसा नाही, दिराचा तर नाहीच.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे इतके हसले की ठसका लागला. "आयुष्यात एकदा चुकलास," हे म्हणाले, "आणि तोच ट्रक तुला शोधत आला?"

वकीलबाईंनी चिठ्ठी दोन्ही हातांनी धरली. चोवीस तासांत पोलीस कारखान्यात पोचले. ट्रक तिथेच उभा होता, मागच्या कोपऱ्यावर शिडीचा रंग लागलेला. त्याचा विमा चालू होता. वकीलबाईंनी दावा दाखल केला आणि ऑपरेशनचा खर्च आधी मिळावा म्हणून वेगळा अर्ज दिला.

पण आता नवीनच पंचाईत झाली. एकदा चूक कबूल केल्यावर भावजींना त्यात गोडी लागली. कारखान्याचा मॅनेजर फळांची करंडी घेऊन आला. फार गोड बोलला आणि एक कागद काढला. शिडी रस्त्याच्या मध्ये होती, निष्काळजीपणा माझाच होता, असं लिहिलेला. बदल्यात कारखाना स्वखुशीने एक रक्कम देणार होता. तेवढ्यात जेमतेम करंडीतली फळं आली असती.

"असेल," भावजी म्हणाले. "नंबर चुकलो तर शिडीही चुकलो असेन. पेन आहे का?"

"भावजी, शिडी भिंतीला लागून होती."

"तसं आपल्याला वाटतं वहिनी. मला तर नंबरही बरोबरच वाटत होता."

मॅनेजरने पेन डाव्या हातात दिलंसुद्धा. मी ते काढून घेतलं, कागदही घेतला आणि म्हणाले, "हा वकीलबाईंना दाखवते. बसा, चहा घ्या." चहा न घेता मॅनेजर उठला. करंडी न्यायची राहिली. वकीलबाई म्हणाल्या, फळं खायला हरकत नाही, फक्त पोच देऊ नका. भावजींना त्यांनी समोर बसवून बजावलं: "नंबरची चूक तुमची. ट्रक मागे न बघता आणला ती ड्रायव्हरची. तुम्ही फक्त तुमची घ्या."

सुनावणीला विमा कंपनीचे वकील उभे राहिले. उंच, कडक गृहस्थ.

"ट्रकवरचा नंबर तुम्ही रंगवलात?"

"हो."

"चुकीचा?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मागे बाकावर बाजारातले तिघे दुकानदार मुद्दाम येऊन बसले होते. औषधवाला तर दुकान बंद करून आला होता. भावजींचा कान लाल झाला.

"चुकीचा," ते म्हणाले. "सात आणि एक उलटे पडले."

"म्हणजे तुमचा शब्द विश्वासार्ह नाही."

"शब्द आहे साहेब. 'अंतर ठेवा' हेसुद्धा मीच लिहिलंय, ते बरोबर आहे. पण ते मागच्यांनी वाचायचं असतं. ट्रकच मागे आला तर वाचून करायचं काय?"

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाशी नेला. मग विचारलं, "आजवर अशा किती चुका झाल्या?"

"ही एक," भावजी म्हणाले, आणि थांबले. "म्हणजे, कळलेली."

हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. पण न्यायाधीश म्हणाले, "जो माणूस स्वतःविरुद्ध एवढं सांगतो, तो शिडी भिंतीला होती म्हणतो तेही खरंच असणार," आणि कॅमेऱ्याचं चित्र बघून ऑपरेशनचा खर्च महिन्याच्या आत भरायचा आदेश दिला. बाकीचा दावा अजून चालू आहे. वकीलबाई म्हणतात, धीर धरा. मी धरते, तो माझा रोजचाच धंदा आहे.

पाचव्या महिन्यात ऑपरेशन झालं. व्यायामाच्या बाईंनी रबरी चेंडू दाबायला दिला. तो भावजी जेवतानाही दाबत. आणि हात थोडा वळायला लागताच त्यांनी वेगळंच काम काढलं. "कळलेली एक" हे त्यांच्या मनात बसलं होतं. रोज संध्याकाळी चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन बाजारात जायचं आणि आपली एक एक पाटी चिठ्ठीशी ताडून बघायची. मला बरोबर नेत. मी चिठ्ठी वाचायची, त्यांनी पाटी वाचायची. लोकांना वाटे आम्ही वसुलीला आलो.

अकराव्या दिवशी सापडली. दातांच्या डॉक्टरांची पाटी. फोन नंबरातला शेवटचा आकडा चुकलेला, नऊ वर्षं. भावजींनी तो नंबर लावायला सांगितला. बेकरीवाल्याने उचलला.

आम्ही बेकरीत गेलो. भावजी मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी आहे. उद्या दुरुस्त करतो."

"अच्छा, तुमचं काम होय ते," बेकरीवाला म्हणाला. "नऊ वर्षं लोक मला दाढ दुखते सांगतायत. सुरुवातीला चिडायचो. आता सांगतो, मीठपाण्याने चुळा भरा आणि दोन दिवस मऊ पाव खा. निम्मे येऊन घेऊन जातात. राहू द्या की पेंटर."

"नाही," भावजी म्हणाले. "दाढेचा फोन दाढेकडे गेला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. शिडी नवी, भिंतीला लागून, आणि पायथ्याशी मी, रस्त्याकडे तोंड करून, कारण आता मागे बघायची जबाबदारी मी दुसऱ्या कोणावर सोडत नाही. भावजींनी जुना आकडा पुसला. उजव्या हातात ब्रश धरला. बोटांनी तो नीट पकडला.

"वाचा वहिनी."

"तीन," मी म्हणाले.

"पुन्हा वाचा."

"तीनच आहे भावजी."

"तुमचा चष्मा?"

"डोळ्यावर आहे."

मग त्यांनी तीन काढला, अगदी सावकाश. तोवर दातांचे डॉक्टर, दोन पेशंट आणि पाव घेऊन आलेला बेकरीवाला असे चौघेजण दारात येऊन उभे राहिले होते. आकडा बरोबर आहे असं चौघांनीही वेगवेगळं सांगितलं, तेव्हा कुठे भावजी खाली उतरले.