कादंबरीतला नवरा

बदलापुरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई कादंबऱ्या लिहायच्या आणि दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांची सालंही काढायच्या. वय साठीच्या पुढे. समोरचा बोलून थांबला की 'बरं, मग?' एवढंच म्हणायच्या, आणि माणूस नको ते सांगून बसायचा. नवं प्रकरण झालं की आधी गच्चीवर पापड लाटणाऱ्या बायकांना वाचून दाखवायच्या. बायका हसल्या तरच ते छापायला जायचं.

एका मे महिन्यात जिन्यात मला ते वाचन ऐकू आलं. पन्नाशीची बायको स्कूटर शिकायची म्हणते आणि नवरा म्हणतो, 'या वयात?' गच्चीवर हशा पिकला. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या बायकोचा होता. मी जागीच थबकलो. उल्हासनगरहून जुनी स्कूटर घेऊ, असं ती म्हणाली तेव्हा मी हेच बोललो होतो. त्यानंतर तिने तो विषय काढला नव्हता, आणि ते मला टोचत होतं.

संध्याकाळी मी वर गेलो. "बाई, तेवढं वाक्य गाळा. हिला वाईट वाटेल."

"बरं, मग?"

"मग काय, या वयात उगाच मनाला लावून घेईल."

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं आणि खिडकीतून खाली हाक मारली, "अगं, तुझे अहो आलेत. नवऱ्याचं ते वाक्य गाळा म्हणतात. गाळू का?"

खालून बायको म्हणाली, "राहू द्या हो बाई. आधीच तुम्ही त्यांना फार सांभाळून घेतलंय."