साडूंची बदली

माझ्या साडूंइतका हजर माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. माणसं कुठे ना कुठे गैरहजर असतातच. मी तर वर्गात शिकवतानाही अधूनमधून गैरहजर असतो. पण साडू म्हणजे जिथे कोणी कमी पडेल तिथे उभे. पत्त्यांना चौथा नाही, बोलवा साडूंना. तिरडीला खांदा कमी पडतोय, साडू पायजमा सावरत पुढे. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात एका लग्नात मुलीचा मामा वेळेवर पोचला नाही, तर यांनी त्या अनोळखी मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणलं आणि अक्षता पडताना सख्ख्या मामासारखे रडलेसुद्धा. शेजारणीने खजरान्याच्या गणपतीला पाच बुधवार पायी जायचा नवस बोलला होता. दोन बुधवार झाले आणि तिचा पाय मुरगळला, तेव्हा उरलेले तीन साडूंनी चालून पुरे केले. "अहो, बाप्पाला असं चालतं का?" मी विचारलं. सगळ्यांना भाऊ म्हणायच्या इंदुरी थाटात म्हणाले, "हाजिरी लागली ना भिया, बस. बाप्पा काय चेहरा बघतो का?"

हा नुसता स्वभाव नव्हता, त्यांची नोकरीच तशी होती. इंदूरच्या एका कापडमिलमध्ये ते 'बदली' होते. म्हणजे पक्का कामगार नव्हे. रोज सकाळी भोंग्याच्या आधी फाटकाशी जाऊन उभं राहायचं. कोणी आला नसेल तर त्याच्या जागी आत, सगळे आले असतील तर डबा घेऊन परत. इंदुरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण आमचे सासरे पडले अकोल्याचे. मध्यस्थाच्या पत्रात 'मुलगा मोठ्या मिलमध्ये बदलीवर आहे' एवढं वाचून त्यांनी परस्पर ठरवलं की मुलगा अधिकारी आहे आणि त्याच्या गावोगाव बदल्या होतात. लग्नात त्यांनी अदबीने विचारलं, "सध्या कुठे असता?" साडू कधी खोटं बोलत नसत. "परवा सूतकताईत होतो, काल विणाईत. उद्या कुठे टाकतील, काही भरोसा नाही." सासरे सासूबाईंच्या कानात म्हणाले, "दोन दिवसांत दोन बदल्या! माणूस वजनदार दिसतो." ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, लग्नानंतर वर्षभर ट्रंक भरून बसल्या होत्या. चांगली भांडी, शालू, सगळं आत, केव्हा बदलीचा हुकूम येईल नेम नाही म्हणून. खरं कळल्यावर त्या दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. ट्रंक मात्र का कोण जाणे, भरलेलीच राहिली.

या नोकरीने साडूंच्या मनाचा पार गोंधळ करून टाकला होता. कोणी आजारी पडलं की यांना काम. "त्याला ताप आला म्हणजे मला वाईट वाटतं की बरं, हेच समजत नाही भिया," असं ते मला सांगत. दिवसभर त्याच्या जागी काम करायचे आणि संध्याकाळी संत्री घेऊन त्याच्याच घरी जायचे. "लवकर बरा हो रे," असं इतक्या कळवळून म्हणायचे, की तो बरा झाला तर आपण उद्या घरी बसणार हे त्यांच्या ध्यानातही नसे. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: पक्कं व्हायचं. सतरा वर्षांनी ते झाले. आख्ख्या गल्लीला जिलबी वाटली. आणि चौथ्या महिन्यात मिल बंद पडली.

मी कॉमर्स कॉलेजात अर्थशास्त्राची पहिली पायरी शिकवतो: मागणी, पुरवठा, श्रमविभागणी. त्यामुळे जाब विचारायला ते माझ्याकडे आले. त्या दिवसांत रोज पेपरात यायचं की देशाची अर्थव्यवस्था खुली झाली. साडूंनी पेपर माझ्यापुढे धरला. "सब कुछ खुल गया, असं लिहिलंय. मग आमचंच गेट बंद कसं?" मी घसा साफ केला. "असं बघा, इतर सर्व गोष्टी स्थिर आहेत असं धरलं तर..."

"धरायचं कशाला? एक तरी स्थिर गोष्ट दाखवा ना, प्रोफेसर भिया."

मी खिडकीबाहेर पाहिलं. मग मी सांगितलं की श्रम गतिशील असतो, एका उद्योगातून निघून तो दुसऱ्या उद्योगात जातो. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे बदलीच ना? मग एवढी मोठी किताब कशाला?" ते गेल्यावर मी तो धडा पुन्हा वाचला. मलाही नीट कळेना.

पुढेही ते रोज सकाळी फाटकाशी जात राहिले. ताईंनी रडून सांगितलं म्हणून एकदा मी त्यांना आणायला गेलो. आत चौकीदार बसला होता आणि साडू गजांतून त्याला समजावत होते, "आज तो सब के सब गैरहाजिर हैं भिया. एक को तो ले लो!" मी म्हणालो, "अहो, पण तुम्ही आता पक्के आहात." म्हणाले, "पक्के सगळे घरी बसलेत. काम बदलीलाच मिळतं. म्हणून परत बदली झालो." चौकीदार हसला. मीही हसणार होतो, पण जमलं नाही.

आता एक कबूल करतो. सासुरवाडीला मी प्रोफेसर असलो, तरी कॉलेजच्या कागदावर तात्पुरता होतो. दर जुलैत नवं पत्र यायचं. त्या जुलैत आलं नाही. बायकोलाही न सांगता मी सकाळी कॉलेजच्या ऑफिसबाहेर जाऊन उभा राहिलो. पाहतो तो शेजारी डबा घेऊन साडू!

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमचा चपराशी आमच्याच गल्लीत राहतो. उद्यापासून अजून लवकर यायचं. बाबू आल्याआल्या त्याला आपण दिसलो पाहिजे. आणि लाजायचं नाही, भिया."

अकरा दिवस ते माझ्याबरोबर उभे राहिले. बाराच्या ठोक्याला डबा उघडायचे, त्यातला अर्धा माझा. बाराव्या दिवशी मला आत बोलावलं. मी वळून पाहिलं तर ते दोन्ही हातांनी मला आत ढकलल्यासारखे हातवारे करत होते.

पक्कं झाल्याचं पत्र मला पुढे बऱ्याच वर्षांनी आलं. तोवर साडू राहिले नव्हते. मी पेढे घेऊन ताईंकडे गेलो. त्यांनी एक पेढा देवापुढे ठेवला आणि एक साडूंच्या फोटोपुढे. पलंगाखाली ती ट्रंक अजून होती. तिच्याकडे बघत ताई म्हणाल्या, "शेवटी झाली बघा त्यांची बदली. आणि ट्रंक इथेच ठेवून गेले."