मी निहारला दिलेली माफी

निहार, सई — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या बाबांना नाही, बेंबळीच्या आक्कांना नाही. घरात एकटी असतानाही कधी मोठ्यानं उच्चारलेलं नाही. आधी वाटलं, इंग्रजीत लिहावं, तुम्हाला वाचायला सोपं जाईल. दोन ओळी लिहिल्या आणि कागद फाडला. सगळा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला माझा. त्या भाषेत मला सबबी फार चटकन सुचतात. म्हणून मराठीत लिहिते. सावकाश वाचा.

सुरुवात कुठून करू? त्या हॉटेलातून करायला हवी. पण खरं तर ती आजोबांच्या तेराव्यापासूनच आहे.

आपल्या घरात कोंबडी, मटण सगळं चालतं, तुम्हाला माहीत आहे. मीही आवडीनं खायचे. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं होतं आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले — आजपासून मी मांसाहार सोडला. कुणी मागितलं होतं? आजोबांनी तर नक्कीच नाही. रविवारी मटण नसलं की तेच रुसून बसायचे. पण आक्का, त्यांची थोरली बहीण, गळ्यात तुळशीची माळ घातलेली — डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "एवढी शिकल्याली हाय, पण वळण बगा हिचं!" ते वाक्य मला आवडलं. फार आवडलं. पुढं प्रत्येक लग्नकार्यात आक्का ते सांगायच्या आणि मी मान खाली घालून ऐकायचे. मान खाली घातली की आनंद दिसत नाही.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी तुम्ही मेलबर्नहून आलात. निहार, तू दहा वर्षांचा होतास. सई, तुला बाबांच्या कडेवरून उतरायचंच नसायचं. तुमची आई सोलापूरला माहेरी गेली होती. चायनीजच्या गाड्या धाराशिवात कितीतरी होत्या, पण हायवेवरच्या त्या नव्या हॉटेलात दार्जिलिंगकडचा एक आचारी काचेमागं उभा राहून हातानं नूडल्स ओढायचा. आजीला तिथं न्यायचं हा तुझाच हट्ट. आक्का मुक्कामाला होत्या, त्यांनाही घेतलं. त्यांनी काचेला नाक लावून बघितलं आणि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अगं, ह्या तर शेवया! आमी गुमान पाटावर वळतो, अन् ह्यो गडी बघ, दोरीवरच्या उड्या खेळतोय जणू!" तू पोट धरून हसलास.

मग वाफाळलेल्या डंपलिंगच्या दोन बांबूच्या टोपल्या आल्या. भाजीचे गोल, वर चिमूट देऊन बांधलेले. चिकनचे आपल्या कानोल्यासारखे, कडेला मुरड घातलेले. कुठले कशाचे, ते तू वेटरला विचारून घेतलंस, पुन्हा एकदा विचारलंस, आणि मोठ्या माणसासारखा उभा राहून वाढायला लागलास. माझ्या आणि आक्कांच्या ताटलीत गोल. "आजी, गोल तुझे. कानोले आमचे." किती नीट सांगितलंस!

काचेमागं आचाऱ्यानं पिठाचा नवा गोळा घेतला. बाबा तुम्हा दोघांना घेऊन तिकडं गेले. आक्का हात धुवायला उठल्या. मी एकटी राहिले आणि समोर ती दुसरी टोपली — आलं, लसूण, चिकनचा तो वास.

आता सांगते. मी तुमच्या टोपलीतला एक उचलला. चुकून नाही. गोल कुठले, कानोले कुठले, मला पक्कं माहीत होतं. खाल्ला. चव अजून जिभेवर आहे, तेही लपवत नाही. मग दुसरा घेतला. तो अर्धा खाऊन झाला आणि आक्का परत आल्या.

"सुमन, हे काय गं? आतलं खिम्यावानी दिसतंय." त्यांनी वाकून वास घेतला. "अगं बाई, कोंबडी हाय ही! कोण वाढलं तुला?"

तुम्ही तोवर टेबलाशी पोचला होतात. मी म्हणाले, "निहारनं वाढलं. मला काय कल्पना?"

आवाज अडखळलासुद्धा नाही माझा. वर्गात हजेरी घेताना जसा असायचा, तसाच होता.

तू टोपल्यांकडे बघितलंस, मग माझ्या ताटलीकडे. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. गोल वाढल्याचं तुला आठवत होतं — मला ते स्पष्ट दिसलं. मग दोघांपैकी कुणावर तरी अविश्वास दाखवायचा होता, आणि तू तो स्वतःवर दाखवलास. "सॉरी आजी. माझंच चुकलं असेल."

बाबा सगळ्यांसमोर ओरडले — "एवढी एक गोष्ट सांगितली होती तुला!" नूडल्स तशाच राहिल्या. घरी आल्यावर आक्का म्हणाल्या, "आजोबाच्या फोटोफुडं नाक घास. आजीचा नेम मोडलास, लेकरा." नाक घासणं म्हणजे काय, ते तुला माहीतही नव्हतं. आक्कांनी करून दाखवलं. तू फरशीवर वाकलास आणि नाक घासलंस. उठलास तेव्हा नाकाचा शेंडा लाल झाला होता.

आणि मी? तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी पुढं झाले, तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे बाळा. मी तुला माफ केलं."

आक्का म्हणाल्या, "बगा, केवढं मन!"

खाण्याला हाव म्हणता येईल. खोटं बोलण्याला भित्रेपणा. पण या माफीला काय म्हणायचं? मला अजून शब्द सापडलेला नाही.

त्या दिवसापासून मी मांस खाल्लेलं नाही. त्याला प्रायश्चित्त समजू नका. पुन्हा सापडायची भीती होती, एवढंच.

पुढच्या खेपेला दिवाळीत पंगत बसली. आईनं तुझ्या हातात भाजीचं पातेलं दिलं आणि तू ते खाली ठेवून म्हणालास, "सईला वाढू दे." सगळ्यांनी तुला आळशी म्हटलं. मीही हसले. तेव्हापासून या घरात तू कुणाच्या ताटात काही वाढल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यामागचं कारण कुणी विचारलं नाही. मला विचारायची गरज नव्हती.

परवा फोनवर तू म्हणालास, डिसेंबरात येतोय. "आजी, ते हॉटेल अजून आहे का? जाऊ या. या वेळी मी आधी स्वतः खाऊन बघेन, मगच तुझ्या ताटलीत." केवढा मोठा झालायस तू आता, आणि अजून तेच! मी म्हणाले, "बरं." त्या 'बरं'नंतर मला हे पुढं ढकलता येणार नाही.

उद्या सकाळच्या एसटीनं मी बेंबळीला जाते आहे. आक्कांना आता कमी ऐकू येतं. मोठ्यानं सांगावं लागेल. ओसरीवर बसलेल्या बायकाही ऐकतील. ऐकू देत. तिथून आल्यावर तुमच्या बाबांना फोन करीन आणि हेच सांगेन, एकही शब्द मऊ न करता. हे पत्र त्याआधीच टाकते आहे, कारण पोचायला उशीर लागला तरी पहिलं सांगायला हवं ते तुला.

निहार, तू वेटरला विचारलंस ते बरोबर होतं. तुला आठवत होतं तेही बरोबर होतं. माझ्या ताटलीत तू गोलच वाढले होतेस.